दाट वस्ती, उंच इमारत आणि आरोग्य : पुनर्विकासाला संमती देण्यापूर्वी काय पाहावे?

ठाकूरद्वार

नमस्कार. गिरगावातील आमच्या चाळीचा पुनर्विकास आता ठरण्याच्या बेतात आहे. सध्याची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, १९४० पूर्वीची आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी आहे. तिच्या जागी रहिवाशांसाठी २२ मजल्यांची एक इमारत आणि लगतच विक्रीचा त्याहून उंच टॉवर असा प्रस्ताव विकासकाने मांडला आहे. आमच्याच गल्लीत अशा आणखी दोन योजना येऊ घातल्या आहेत. म्हणजे जिथे आज काही शे माणसे राहतात, तिथे दहा वर्षांत त्यांच्या कितीतरी पट माणसे राहतील. रस्ता मात्र तेवढाच राहणार आहे.

आमच्या घरात सहा माणसे आहेत. आईचे वय ७४ असून तिला जुना दम्याचा विकार आहे. नव्या घरात स्वतंत्र संडास-न्हाणीघर मिळेल, पावसाळ्यात छत गळणार नाही आणि जिन्यांऐवजी लिफ्ट असेल, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. तरीही नकाशा पाहिल्यापासून माझे मन स्वस्थ नाही. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची खिडकी ज्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते, त्याची रुंदी नकाशावर दीड मीटर लिहिलेली आहे. बैठकीच्या खोलीसमोर विक्रीचा टॉवर येतो.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की, एवढ्या दाटीत आईची तब्येत सुधारणे शक्य नाही; तेव्हा हक्काची जागा विकून कर्जतच्या पलीकडे मोकळ्या हवेत घर बांधावे. मला प्रश्न पडतो तो असा : एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसे राहतात, या आकड्याचाच आरोग्यावर परिणाम होतो का? की दाट वस्तीतही निरोगी राहता येते आणि त्यासाठी काही विशिष्ट गोष्टी पाहाव्या लागतात? तसे असेल तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आम्ही नेमके काय तपासावे? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आराखडा

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे, कारण सही झाल्यानंतर नकाशात बदल करून घेणे फार अवघड जाते. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो. त्यामुळे इमारतीच्या बाजूने लिहितो, आजारांविषयी जाणकारांनी लिहावे.

चौरस किलोमीटरच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागाची घनता चौरस किलोमीटरला साधारण २० हजार होती. पॅरिस शहराची घनताही जवळपास तेवढीच आहे आणि तिथे बहुतेक वस्ती सहा-सात मजली इमारतींमध्ये राहते. फरक आहे तो घराच्या आत. पॅरिसमध्ये माणशी घराची जागा ३० चौरस मीटरच्या आसपास पडते. आपल्याकडे बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटरच्या खोलीत पाच माणसे राहिली, तर माणशी तीन चौरस मीटर येतात. जमिनीच्या आकड्यात दोन्ही शहरे सारखी दिसतात, पण खोलीत शिरल्यावर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, ती सात टक्क्यांहून अधिक घटली. याच काळात गिरणगावात टॉवर उभे राहत होते. उंच इमारत आली म्हणजे माणसे त्याच प्रमाणात वाढली, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून तपासायचे ते तीन पातळ्यांवर : खोलीत माणसे किती, इमारतींमध्ये अंतर किती आणि गल्लीतल्या पाण्याच्या व मलनिस्सारणाच्या वाहिन्यांची कुवत किती. यातील दुसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण रहिवासी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. कार्पेट क्षेत्राचे, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचे चौरस फूट सगळे मोजतात. खिडकीसमोरचे अंतर कोणी मोजत नाही.

या शहराने ते अंतर मोजायला शंभर वर्षांपूर्वीच शिकून घेतले होते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे दोन वर्षांत मुंबई सुधार न्यास स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. त्या कामातला अन्याय विसरता येणार नाही : जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, आणि घर गेलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरून तिथली गर्दी आणखी वाढली. १९११च्या शिरगणतीत शहरातील दोनतृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. परंतु न्यासाने एक उत्तम नियमही दिला. खोलीपुढे इतकी मोकळी जागा असावी की ६३.५ अंशांच्या कोनात वर पाहिले असता आकाश अडू नये. गणित सोपे आहे : समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींमध्ये आजही तळमजल्यावर उजेड असतो, त्यामागे या नियमाचा मोठा वाटा आहे.

आता हा नियम आपल्या प्रस्तावाला लावून पाहा. २२ मजले म्हणजे साधारण ६५ मीटर उंची. समोर तेवढीच इमारत असेल तर मध्ये ३२-३३ मीटर मोकळे हवेत. दक्षिण मुंबईत एवढी जागा कोणताही विकासक सोडणार नाही आणि आजचे नियमही ती मागत नाहीत. तरी निदान एवढा आग्रह धरावा की प्रत्येक घराची एक तरी मोठी खिडकी रस्त्याकडे किंवा खऱ्याखुऱ्या मोकळ्या जागेकडे उघडेल. डक्ट ही मोकळी जागा नव्हे. वीस मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा धूर आणि संडासांची दमट हवा दीड मीटरच्या डक्टमध्ये सोडायची आणि तीच खिडकी हवा आत घेण्यासाठी उघडायची, हे आईंच्या दृष्टीने अयोग्य आहे. डक्ट रुंद करून मागावा, तो वर छतापर्यंत आणि खाली जमिनीपाशीही उघडा असावा, आणि सफाईसाठी त्यात उतरण्याची सोय असावी.

चाळीच्या खोलीला पुढे गॅलरीचे दार आणि मागे खिडकी असते, त्यामुळे वारा आरपार जातो. नव्या नकाशांत बहुधा मध्ये बंद कॉरिडॉर आणि दोन्ही अंगांना घरे असतात. तिथे घराला एकच बाहेरची बाजू उरते आणि वारा आत येऊन अडतो. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना आणि लिफ्टसमोर उघडी जागा ठेवता येते का, हे वास्तुविशारदाला लेखी विचारावे. केवळ मजल्याचा नकाशा न घेता इमारतीचा सेक्शन (उभ्या छेदाचा नकाशा) आणि संपूर्ण भूखंडाचा नकाशाही मागावा, कारण विक्रीचा टॉवर नेमका कुठे येतो आणि पोडियम पार्किंग, म्हणजे घरांखालचे वाहनतळाचे मजले, किती वर चढते, हे त्यातच कळते.

श्वास

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि पूर्व उपनगरांत बरीच वर्षे रुग्ण पाहत आलो आहे. वर जे अंतराविषयी लिहिले आहे, त्याचा परिणाम आम्ही क्ष-किरणांच्या फिल्मवर पाहतो.

गोवंडी-मानखुर्द परिसरात नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. रस्ते आणि रेल्वे यांच्या प्रकल्पांत झोपड्या गेलेल्या कुटुंबांना तिथे पक्की घरे मिळाली. सात-आठ मजली इमारती, त्यांमध्ये जेमतेम तीन मीटरची फट. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासकांनी या दोन वसाहतींची तुलना त्याच भागातील, परंतु अधिक मोकळ्या रचनेच्या तिसऱ्या वसाहतीशी केली. दाट बांधलेल्या दोन्ही वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले आणि त्याचा संबंध उजेड व वायुवीजन यांच्या अभावाशी जोडता आला. भिंती विटांच्या होत्या, छत गळत नव्हते, नळ घरात होता. तरी आजार कमी झाला नाही. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. फटीत वरून कचरा पडतो, त्याला दुर्गंधी येते, डास होतात, म्हणून खिडकी बंद राहते. आणि एकदा खिडकी बंद राहिली की नकाशावर दाखवलेल्या वायुवीजनाला काही अर्थ उरत नाही. म्हणून पक्के घर मिळाले म्हणजे आरोग्य आपोआप सुधारेल, हा समज मला धोकादायक वाटतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून अतिसूक्ष्म कणांवर बसून तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा ताशी किती वेळा बदलते, यावर दुसऱ्याच्या श्वासात ते किती जातील हे ठरते. पेरूमधील लिमा शहराच्या रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारे-खिडक्या उघडल्यावर हवा ताशी सुमारे २८ वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हा आकडा ४० पर्यंत गेला. त्यात सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे वेगळेच.

कोविडच्या काळातही हेच दिसले. जुलै २०२०मध्ये मुंबई महापालिकेच्या तीन वॉर्डांत रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) पाहणी झाली. त्यात झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर त्याच वॉर्डांतील इतर वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. वॉर्ड तेच होते. वेगळे होते ते एका खोलीतली माणसे आणि सार्वजनिक संडासापुढची रांग.

मात्र हवेवरच सगळे सोडू नये. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अधिकचा सकस शिधा दिला असता त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. अन्न कमी, खोली लहान आणि कामाचे तास लांब, हे तिन्ही बहुधा एकाच घरात एकत्र नांदतात. केवळ घनतेला दोष देऊन मोकळे होणे म्हणजे गरिबीकडे डोळेझाक करणे आहे.

आपल्या मातोश्रींविषयी : दम्याच्या रुग्णाला स्वयंपाकाचा धूर, ओल आणि बुरशी यांचा त्रास बाहेरच्या गर्दीपेक्षा जास्त होतो. स्वयंपाकघरात थेट बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट पंखा हवा, आणि तो शक्यतो त्या डक्टमध्ये नको. न्हाणीघराची भिंत त्यांच्या पलंगाच्या भिंतीला लागून येणार नाही, हेही पाहावे, कारण ओल प्रथम तिथेच उतरते.

कौलून

नोकरीनिमित्त हाँगकाँगमध्ये राहतो, म्हणून इथला अनुभव मांडतो. इथे चाळीस मजली इमारतींच्या रांगा आहेत आणि क्वुन टाँगसारख्या भागात चौरस किलोमीटरला साठ हजारांच्या आसपास माणसे राहतात. असे असूनही हाँगकाँगचे सरासरी आयुर्मान जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत मोडते. भूभागाचा सुमारे ४० टक्के हिस्सा राखीव उद्यानांसाठी ठेवलेला आहे. घरापासून अर्ध्या तासात डोंगर चढायला जाता येते आणि सत्तरी उलटलेली माणसे ते रोज करतात. दवाखाना, बाजार आणि मेट्रो पायी अंतरावर असल्याने वृद्धांचे चालणे सहज होते.

पण इथेही मोठी किंमत मोजून शिकावे लागले आहे. २००३च्या मार्चमध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत आमॉय गार्डन्स या एकाच गृहसंकुलात ३००हून अधिक लोकांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. चौकशीत संशय न्हाणीघरांतील पाणी वाहून जाण्याच्या जाळ्यांवर आला. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहिले तर सांडपाण्याच्या वाहिनीतील हवा घरात शिरत नाही. अनेक घरांतील त्या नळ्या कोरड्या पडल्या होत्या, आणि एक्झॉस्ट पंख्यांनी ती दूषित हवा आत ओढून घेतली. पुढे २००६पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वाऱ्याच्या वाटा तपासण्याची पद्धत सुरू झाली. इमारतींची भिंतच्या भिंत उभी करून मागच्या वस्तीचा वारा अडवू नये, हा तिचा हेतू आहे.

श्रीमंत शहरातही सगळे आलबेल नाही, हे सांगणे मला आवश्यक वाटते. एकाच घराचे तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या खोल्यांत इथे दोन लाखांहून अधिक माणसे राहतात. कित्येक खोल्यांना खिडकीच नसते, आणि उन्हाळ्यात तिथे राहणे असह्य होते. म्हणजे त्याच शहरात, त्याच रस्त्यावर, एकाचे आयुष्य सुखाचे आणि दुसऱ्याचे घुसमटीचे आहे.

सांडपाण्याच्या उभ्या वाहिन्यांना छतापर्यंत वायुनलिका आहे का, आणि न्हाणीघरातील जाळीखाली पाणी धरून ठेवणारा ट्रॅप बसवणार का, एवढे विकासकाला जरूर विचारा. घर ताब्यात आल्यावर कमी वापराच्या जाळीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतत जा.

वैनगंगा

आपल्या धाकट्या भावाच्या म्हणण्याविषयी थोडे लिहिते. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करते. आमच्या जिल्ह्याची घनता २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला ७४ आहे. हवा स्वच्छ आहे, झाडी विपुल आहे आणि जागेची वाण नाही. पण विरळ वस्तीचे हाल निराळे असतात. आरोग्य उपकेंद्र आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. तो माणसांवर मोजलेला आहे, अंतरावर नाही. जिथे तीन हजार माणसे पंचवीस पाड्यांत विखुरलेली असतात, तिथे कागदावर निकष पूर्ण होतो आणि आजारी माणूस मात्र खाटेवरून नेला जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की आमच्या जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणूनच गरोदर स्त्रियांना बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी 'माहेरघर' योजना करावी लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या काळजीचे शिक्षण दिले आणि ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली प्रसिद्ध झालेले ते काम याच जाणिवेतून उभे राहिले की दवाखाना घरापर्यंत येऊ शकत नसेल, तर काळजी घेणारी व्यक्ती घरात असली पाहिजे.

कर्जत म्हणजे भामरागड नव्हे, हे मला मान्य आहे. तरी दम्याच्या रुग्णाला मध्यरात्री अचानक धाप लागली, तर प्राणवायू आणि तज्ज्ञ डॉक्टर किती मिनिटांत मिळतील, हे भावाने स्वतः तिथे जाऊन, रात्रीच्या वेळी, पाहून यावे. शिवाय आईंची ओळखीची माणसे, देऊळ, भाजीवाली, रोजची ये-जा गिरगावात आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सगळे तोडून मोकळ्या हवेत एकटे बसवले, तर त्याचाही प्रकृतीवर परिणाम होतो. एकाकी वृद्धांची खालावलेली तब्येत आम्ही खेड्यांतही पाहतो, विशेषतः मुले शहरात गेलेल्या घरांत.

ठाकूरद्वार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वैनगंगाताई, आपला प्रतिसाद भावाला वाचायला दिला आहे. रविवारी रहिवाशांची सभा आहे. त्यात सेक्शन, भूखंडाचा नकाशा, डक्टची रुंदी आणि वायुनलिका हे मुद्दे लेखी मांडणार आहे. एक शंका उरते. घरांचे वाटप सोडतीने असले, तरी ज्येष्ठांना मजला निवडण्याची मुभा मिळण्याची शक्यता आहे. आईसाठी खालचा मजला मागावा की वरचा?

श्वास

उजेड आणि हवा पाहता वरचा मजला चांगला; पण लिफ्ट बंद पडली की दम्याचा रुग्ण वर अडकतो आणि त्याला खाली आणणे जिकिरीचे होते. म्हणून आधी आराखडा यांनी सांगितल्याप्रमाणे रस्त्याकडची बाजू मागावी. ती मिळाली तर पोडियमच्या वरचे पहिले पाच-सहा मजले मी सुचवेन. घराची बाजू डक्टकडची किंवा विक्रीच्या टॉवरसमोरची येणार असेल, तर मात्र शक्य तितका वरचा मजला घ्यावा. दोन्ही बाबतींत स्ट्रेचर मावेल एवढी एक लिफ्ट आणि तिला जनरेटरची जोड, या दोन अटी करारनाम्यात लिहून घ्याव्यात. लिफ्टच्या देखभालीचा खर्च कॉर्पस निधीच्या, म्हणजे देखभालीसाठी विकासकाकडून मिळणाऱ्या ठेवीच्या व्याजातून भागतो का, हेही सभेत विचारावे. कित्येक पुनर्वसन इमारतींत देखभालीचे पैसे न परवडल्याने लिफ्ट महिनोन्‌महिने बंद राहते आणि आठव्या मजल्यावरचे वृद्ध रुग्ण तपासणीला येणेच सोडून देतात.